खंड्याला त्याच्या वाटेनं जाऊ द्या

पत्र:

मी 63 वर्षांची आहे. नोकऱ्या संपल्यावर आम्ही दोघं वाई तालुक्यात, सासऱ्यांच्या जुन्या घरी राहायला आलो. गेल्या श्रावणात हे गेले. मुलगा पुण्याला असतो, महिन्यातून एकदा येऊन जातो. घरात आता मी आणि ह्यांचा कुत्रा खंड्या. सहा वर्षांचा काळा लॅब्रॉडर. कुत्र्याची हौस ह्यांची, मी त्याला कधीच फिरवलं नव्हतं. आता तो पहाटे साडेपाचला दाराशी येऊन बसतो, त्यामुळे जावंच लागतं. पण ते फिरणं म्हणजे नुसती रस्सीखेच. मी डांबरी रस्त्यानं नेते आणि तो रोज ओढ्याकडच्या वाटेला ओढतो. गावातले हसतात, "कुत्र्याला काय फिरवायचं वहिनी, सोडून द्या की." मुलानं पावलं मोजायचं घड्याळ आणून दिलंय, त्यात दहा हजार कधी भरत नाहीत. दुपारी घर इतकं मुकं होतं की फ्रिज बंद पडला तरी दचकते. बाहेर म्हणे वसंत आलाय. हे असते तर झाडाझाडाचं नाव सांगत बसले असते, आणि तेव्हा मी ऐकत नव्हते. एक ओळखीचे शेतकरी म्हणतात, कुत्रा मळ्यावर द्या राखणीला. देऊन टाकू का? आणि उन्हाळ्यासाठी त्याचे केस कापावेत का?

एक वाचक, वाई तालुका

उत्तर:

ताई,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्यासाठी, दुसऱ्यांदा खंड्यासाठी. "रोज ओढ्याकडच्या वाटेला ओढतो" हे तुम्ही तक्रार म्हणून एका ओळीत लिहिलंत आणि पुढे गेलात. मी तिथंच अडले. तुमचे यजमान त्याला कुठल्या वाटेनं न्यायचे? पत्रात ते कुठं नाही. तुम्हालाही बहुतेक नक्की ठाऊक नसावं, कारण त्या वेळी तुम्ही घरात चहापाण्याच्या, अंघोळीच्या गडबडीत असणार. माझा अंदाज आहे की ती ओढ्याचीच वाट होती. तो तिथं त्यांना शोधायला जातो की नुसता सवयीनं, हे मला सांगता येणार नाही. पण ते रोज सकाळी कुठं जायचे, कुठं थांबायचे, कुठल्या दगडावर बसायचे हे ठाऊक असलेला एक जीव तुमच्या घरात आहे, आणि तुम्ही त्याला गळ्याला धरून डांबरी रस्त्यावर आणताय.

तेव्हा आजपासून अक्षय तृतीयेपर्यंत एवढंच करा. दाराबाहेर पडलात की तो म्हणेल तिकडे जा. रोज तीच वाट. नवी जागा नको, टेकडी नको, गाडीत घालून धरणावर नेणं तर अजिबात नको. चार दिवसांनी कंटाळा येईल तो येऊ द्या.

हे मी आरामखुर्चीत बसून सांगत नाही. 2020 सालचा पाडवा 25 मार्चला होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागली. आमच्याकडे तेव्हा चिंगी होती, रस्त्यावरून उचललेली गावठी कुत्री. तिला टाळेबंदी कोण समजावणार? सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत चाळीस पावलांची एक बोळ आहे. एरवी तिथं मोडक्या सायकली आणि फुटक्या कुंड्या. दोन महिने दिवसातून तीन वेळा आम्ही दोघी त्या बोळात. पहिल्या आठवड्यात मला त्या भिंतीचा वीट आला. दुसऱ्या आठवड्यात चिंगी एका जागी अडून बसू लागली. नाक जमिनीला, हलायला तयार नाही. बघते तर मातीवर लाकडाचा ताजा भुसा. वर शेवग्याच्या वाळक्या फांदीला खालच्या बाजूनं एक तांबट भोक पाडत होता. चिमणीपेक्षा जरासा मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका. पाच मिनिटं टोचायचा, मग मागं सरून स्वतःच्या कामाकडे बघायचा, अगदी सुतारासारखा. त्याचं ते टुक् टुक् टुक् मी जन्मभर ऐकत आले होते. पण तो आवाज तो चोच मिटूनच काढतो, फक्त गळा हलतो, आणि मान इकडून तिकडे वळवत राहतो म्हणून आवाज कुठून येतोय ते कळत नाही, हे मला पन्नाशीत त्या बोळात कळलं. चिंगीला तांबटाचं काही पडलं नव्हतं. तिला भुशाचा वास हवा होता. ती थांबली म्हणून मी थांबले.

कुत्र्याबरोबर चालण्यातली सगळी मेख ही आहे. तो दर वीस पावलांवर थांबणार. आपण चिडतो, ओढतो, "चल चल" करतो. तसं करू नका. त्याचं नाक खाली आहे तेवढा वेळ तुम्ही मान वर करा. त्याचं वाचून झालं की तो आपणहून निघेल.

आणि तुमच्या भागात या दिवसांत वर बघण्यासारखं पुष्कळ आहे. आपल्याकडे वसंत पानगळीच्या हातात हात घालून येतो, म्हणून घरातून बघणाऱ्याला नुसता धुरळा दिसतो. ओढ्याच्या वाटेवर एखादी काटेसावर असणारच. अंगावर एक पान नाही आणि लाल फुलांनी लगडलेली. पहाटे खाली पडलेलं एखादं फूल उचलून बघा. हाताला जड लागेल. पाच जाड पाकळ्या, आतून गुळगुळीत, बाहेरून मखमल, मधे केसरांचा झुपका, आणि बुडाशी चामड्यासारखी हिरवट वाटी. वरून पडताना थप् असा आवाज येतो, खंड्या दोन दिवस दचकेल. त्या झाडावर सकाळी मैना, साळुंक्या, बुलबुल, कावळे आणि खारी अशी झुंबड उडालेली असते की लग्नाची पंगत परवडली. रोज तीच वाट धरा म्हटलं ते यासाठीही. चैत्रात याच झाडाला हिरवी बोंडं दिसतील, उन्हं कडक झाली की ती तडकतील आणि कापूस उडायला लागेल. आपल्या आज्या उशांत भरायच्या तोच सावरीचा कापूस. एकदाच जाऊन फोटो काढून आलात तर लाल झाड पाहिलंत. दोन महिने गेलात तर त्या झाडाचं सगळं घरकाम पाहाल.

पाराजवळचा पिंपळही नजरेखाली ठेवा. जुनी पानं झडली की आठ-दहा दिवस तो गप्प होतो. नवी पानं तांबूस, ओल्या फडक्यासारखी लोंबत असतात, त्यांना अजून सळसळ येत नाही. मग एका सकाळी वारा सुटतो आणि पिंपळ पुन्हा बोलायला लागतो. तो दिवस चुकवू नका. फुलांत करवंदाची पांढरी फुलं येतील, त्यांना जाईसारखा वास असतो आणि तो तुमच्याआधी खंड्याला येईल. कुठं हळद शिजत असेल तर तिथंही तो नाक वर करून खांबासारखा उभा राहील. पूर्वी काहिलीत शिजवायचे, आता बरेच जण वाफेच्या टाकीत शिजवतात, पण तो मातकट, गरम, पिवळा वास तोच.

झाडांची नावं तेव्हा ऐकली नाहीत, याची रुखरुख तुमच्या पत्रात आहे. त्यावर मी पुस्तक सुचवणार नाही, आणि फोटो काढला की नाव सांगणारी मोबाइलमधली ॲपं तर मुळीच नाही. शेरडं राखणाऱ्या बाईला विचारा, "हे कशाचं झाड हो?" खेड्यात "कसं काय, बरं आहे ना?" याला उत्तर एका शब्दात मिळतं. झाडाचं नाव विचारलं की माणूस थांबतो. पाला कशाला लागतो, लाकूड कशाला चालत नाही, कुणाच्या आज्यानं ते लावलं, सगळं सांगतो. तेवढ्यात दुसरा येऊन म्हणतो, छे, याला आमच्यात सावर नाही शेवरी म्हणतात, आणि दोघं भांडायला लागतात. तुम्ही आणि खंड्या मजेत उभे राहा. जे लोक आज हसतायत तेच उद्या सांगतील, "वहिनी, तिकडं कुसुंब बघितला का? लालेलाल झालाय." कुसुंबाची कोवळी पालवी लाल असते, लांबून फुलंच वाटतात.

हसण्याचं म्हणाल तर गावाच्या बाजूनंही बघा. तिथं कुत्रा मोकळाच असतो, दिवसभर स्वतःच फिरतो. त्याला दोरीनं बांधून बरोबर माणूस चालतो, हे त्यांना म्हशीला छत्री धरण्यासारखं वाटत असेल. पण चंपाषष्ठीला भरीत-रोडग्यातला घास कुत्र्याला घालणारा हा मुलूख आहे, कुत्र्याचा तिटकारा तिथं नाही. आणि नावावरून आठवलं, यजमानांनी खंड्या हे नाव खंडोबावरून ठेवलं की पक्ष्यावरून? झाडं ओळखणारा माणूस होता म्हणता, तर ओढ्यावर तारेवर बसणारा तो निळ्या पाठीचा, तपकिरी डोक्याचा, छातीवर पांढरा आणि मोठ्या लाल चोचीचा पक्षी, त्यालाही खंड्याच म्हणतात. कदाचित तिथंच हे बारसं झालं असेल. बघून ठेवा, दिसतो का.

आता थोडं रागावते. पहाटे साडेपाच ही वेळ बंद. मार्चच्या मध्याला तुमच्याकडे सूर्य उगवायला पावणेसात होतात, आणि सध्या उसाची तोड चालू आहे, म्हणजे बिबट्याचा आडोसा मोडतोय. अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचा आहार तपासला होता. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वजनाच्या हिशेबानं सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, 39 टक्के. बिबट्याला तुमच्याशी देणंघेणं नाही, पण दोरीच्या दुसऱ्या टोकाला जे आहे त्याच्याशी आहे. म्हणून चांगलं उजाडल्यावर निघायचं आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी घरात. खंड्या आठ दिवस दाराशी कुरकुरेल. त्याला भाकरीचा तुकडा द्या, तोही घड्याळ बदलतो.

दोरीचंही बघा. तीस किलोचा कुत्रा आणि त्रेसष्ट वर्षांची मनगटं. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवरून बांधायचा पट्टा घ्या, साखळी टाकून द्या आणि दहा-बारा फुटांचा जाड सुती दोर लावा. तो दोर हाताला कधीही गुंडाळायचा नाही. मांजर दिसलं की तो उडी घेणार आणि तुम्ही मनगट घेऊन दवाखान्यात. त्यानं ओढलं की उलटं ओढू नका, नुसत्या उभ्या राहा. दोर सैल पडला की चाला. त्याच्या वाटेनं जायचं म्हणजे त्याच्या वेगानं फरफटत जायचं असं नव्हे.

वाटेत कालवा लागत असेल तर तिथं दोर हातातून सुटता कामा नये. लॅब्रॉडरला पाणी दिसलं की काही सुचत नाही. तो उडी मारेल, पण सिमेंटच्या गुळगुळीत उतारावरून त्याला वर येता येत नाही, आणि त्याला काढायला तुम्ही उतरलात तर तुम्हालाही येणार नाही. ओढ्यात मनसोक्त खेळू दे, कालव्यात नाही.

दुसऱ्यांच्या मळ्यातली कुत्री भुंकत अंगावर येतील. पळू नका, काठी उगारू नका, डोळ्याला डोळा न देता सावकाश पुढे चला. बहुतेक कुत्री आपल्या बांधापर्यंत येऊन थांबतात, आणि पंधरा दिवस रोज दिसलात की तीही आळशी होतात. खंड्याची रेबीजची लस वेळेवर झालेली असू द्या, आणि तुम्हाला किंवा त्याला चावा बसलाच तर जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे. रानात मेंढरं बसवलेली दिसली तर मात्र लांबून वळसा घाला. धनगराचं कुत्रं बांधाबिंधाचा हिशेब ठेवत नाही. आणि बावधनच्या बगाडाची यात्रा जवळ असेल तर रंगपंचमीला खंड्याला घरातच ठेवा, ती गर्दी आणि तो गजर कुत्र्याचं काम नाही.

परत आल्यावर त्याला ओसरीवर आडवा करा आणि अंग चाचपा. कानांच्या आत, बोटांच्या मधे, बगलेत, शेपटीखाली. गोचीड दिसला की चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढायचा, रॉकेल नको, उदबत्तीचा चटका नको, नखानं चिरडणं तर नकोच. या दिवसांत वाळक्या गवताची कुसळंही बोटांत आणि कानात शिरतात. एकाएकी डोकं झाडायला लागला किंवा पंजा चाटत बसला तर तिथं बघा. खाणं सोडलं, अंग तापलं, हिरड्या पांढरट दिसल्या, नाकातून रक्त आलं, यातलं काहीही झालं तर उद्यावर ढकलू नका, गोचिडाचा ताप असू शकतो. महिन्याचं गोचिडाचं औषध डॉक्टरांना विचारून सुरू करा.

डांबरी रस्ता सोडा म्हणण्याचं आणखी एक कारण ऊन. हवा पस्तीस अंशांवर गेली की उन्हातलं डांबर पन्नाशीच्या पुढं तापतं, आणि कुत्रा अनवाणी. हाताची पालथी बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही नाही. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ काढून धापा टाकणं हाच त्याचा पंखा. चालता चालता लडखडला, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या तर आधी सावलीत साध्या पाण्यानं भिजवा, वारा घाला, आणि मग दवाखाना. साडेआठच्या आत घरी असलात तर हे काही होणार नाही.

ते घड्याळ मुलानं प्रेमानं दिलंय, त्याला नावं ठेवत नाही. पण दहा हजार हा आकडा काही वेदात सांगितलेला नाही. 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' अशा अर्थाचं होतं. तिथून तो आकडा जगभर पसरला. खंड्याबरोबर नीट चालायचं तर दोन हजारही भरणार नाहीत. घड्याळ वेळ बघायला वापरा.

मळ्यावर द्यावं का? आत्ता नाही. लॅब्रॉडर राखणीला कुचकामी, चोराला पायात घोळून आत आणेल. मळ्यावर तो साखळीला बांधलेला राहील, उसाच्या कडेला, रात्री. वर 39 टक्क्यांचं लिहिलंय. अक्षय तृतीयेनंतरही तुमच्या गुडघ्यांना, मनगटांना झेपत नसेल तर जरूर द्या आणि अपराधी वाटून घेऊ नका, पण ज्या घरात तो ओसरीवर झोपेल अशा घरी द्या, आणि तोवर निर्णय लांबवा. श्रावणापासून तुम्ही पुरेसं गमावलंय.

दुपारच्या मुकेपणाला सकाळचं फिरणं पुरणार नाही, हे मला माहीत आहे. काही दुपारी यजमानांची आठवण नुसती अंगावर येईल. आठवडेच्या आठवडे झोप लागली नाही, जेवण जाईना, जगण्यात काही राहिलं नाही असं वाटलं तर 14416 वर फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा, दिवसरात्र चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. खंड्याला हे सांगून उपयोग नाही, माणसालाच सांगावं लागतं.

राहिले केस. कापू नका, भादरून तर अजिबात नाही. लॅब्रॉडरला दुहेरी कोट असतो, वरचे राठ केस आणि आत मऊ लव. तो उन्हापासूनही राखतो. काढला तर कातडी भाजते. त्यापेक्षा एक दिवसाआड ब्रश फिरवा, या दिवसांत आतली लव मूठमूठ निघेल. ती कुंपणाच्या काट्यांवर अडकवून ठेवली की पाखरं घरट्याला घेऊन जातात, बघायला फार गंमत येते. फक्त गोचिडाचं औषध अंगावर सोडलेलं असेल तर ते केस पिलांना बाधतात. तेव्हा ते सरळ कचऱ्यात.